आधी पट्टा, मग किंकाळी

अम्युझमेंट पार्कात जाणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाला दोन उंच्या असतात. एक तिकीट खिडकीवरची, दुसरी राईडच्या रांगेतली. खिडकीशेजारच्या भिंतीवर रंगवलेल्या पट्टीखाली डोकं राहिलं, तर तिकीट लहान मुलाचं. तिथे आई पुटपुटते, "सोन्या, जरा गुडघे वाकव." सोन्या गुडघे वाकवतो, मान खांद्यांत घालतो आणि कुणी न सांगता चेहराही केविलवाणा करतो. अर्ध्या तासाने हाच सोन्या रोलर कोस्टरच्या दारातल्या दुसऱ्या पट्टीला पाठ लावून उभा असतो आणि हीच आई म्हणते, "टाचा उचल. आणि केस कशाला चापतोस? राहू देत वर." एसटीच्या अर्ध्या तिकिटासाठी पोराला वर्षानुवर्षं अकराचंच ठेवणाऱ्या समाजाला यात काही गैर वाटायचं कारण नाही. फरक इतकाच, की कंडक्टरला वय तोंडाने सांगून भागतं, इथे पोरगंच भिंतीला लावून दाखवावं लागतं.

राईडवाले वय सोडून उंची का मोजतात, याचं उत्तर मांडीत आहे. माणसाने समोरचा दांडा धरून स्वतःला सावरावं, अशी अपेक्षा रोलर कोस्टर बनवणारे मुळीच ठेवत नाहीत. हातांचा भरवसा नसतो. घाबरलेला माणूस डोळे झाकतो, शेजाऱ्याला मिठी मारतो, नाहीतर देवाला हात जोडतो. म्हणून त्याला धरायचं ते मांड्या आणि कंबर यांच्या बेचक्यात. तिथे बार नीट बसला, की वरचं धड हवं तेवढं नाचू दे, माणूस जागेवर राहतो. आता ज्याची मांडीच अजून वीतभर आहे, त्याच्यावर बार टेकतच नाही आणि ते पोर खालून सुळकन निसटू शकतं. पट्टीला एवढंच बघायचं असतं. "आमचा हा अजिबात घाबरत नाही हो," असं ऑपरेटरला पटवणारे बाबा प्रत्येक रांगेत भेटतात. आपण मुलाची शिफारस करत नसून त्याच्याविरुद्ध साक्ष देतो आहोत, हे त्यांच्या गावीही नसतं. घाबरणारं मूल बार धरून गप्प बसतं. न घाबरणारं उभं राहून बघतं.

उंचीचा प्रश्न वाढत्या वयात सुटतो. मग पोटाचा सुरू होतो.

आमच्या मामांचं पोट हे घराण्याचं भूषण आहे. पंगतीत त्याचं कौतुक झालेलं आहे आणि लग्नाच्या फोटोंत ते मामांच्या आधी येतं. पण बारला मांडी हवी असते, आणि मामा बसले की त्यांची मांडी कुणालाच दिसत नाही, बारला कुठून दिसणार? मोठ्या पार्कांत या प्रसंगासाठी रांगेच्या तोंडाशीच एक नमुन्याची खुर्ची ठेवलेली असते. तीत बसून बघायचं, बार बंद झाला तर पुढे जायचं. तासभर उन्हात उभं राहून मग चारचौघांत परत फिरावं लागू नये, ही त्यामागची माणुसकी. मामांना मात्र ती खुर्ची म्हणजे अपमान वाटतो. ते तिच्याकडे न बघता पुढे जातात, गाडीत बसतात, श्वास ओढून पोट पाठीला लावतात आणि डोळ्यांनीच ऑपरेटर पोराला खुणावतात, "लाव लवकर." बार खाली येतो, लॉक लागतं, मामा श्वास सोडतात. बार असा बनवलेला असतो की खाली येईल तेवढा येईल, वर मात्र तसूभर जाणार नाही. पुढची दोन मिनिटं मामा उसन्या श्वासावर काढतात. कॉलेजची पोरं याच्या बरोबर उलट करतात. बार येताना पोट फुगवायचं, मग सोडायचं, म्हणजे आत दोन बोटं जागा राहते आणि मजा वाढते, असा त्यांचा हिशेब. ऑपरेटर पोरगाही त्यांच्याच वयाचा असतो. तो शांतपणे बार आणखी दोन खटके खाली दाबतो.

बार प्रत्येकाला वेगळा असावा, हे ज्ञान जगाला बऱ्याच उशिरा झालं. एका पार्कात (नाव कशाला घ्या) दोघांत एकच दांडा असलेल्या गाडीत मामांच्या शेजारी माझा पुतण्या बसला होता. दांडा मामांच्या पोटाला टेकला आणि थांबला. यंत्राच्या दृष्टीने काम झालं होतं. पुतण्याच्या बाजूला मात्र इतकी जागा उरली होती की त्याने चपला काढून वर मांडी घातली. मामांनी उजव्या हाताने त्याची कॉलर धरून ठेवली आणि ती राईड संपेपर्यंत सोडली नाही. सुरक्षेची ती व्यवस्था कुठल्याही मानकात बसत नव्हती, तरी मामांच्या मुठीवर आमचा दांड्यापेक्षा जास्त विश्वास होता.

मानकं आहेत. अमेरिकेतल्या एएसटीएम या संस्थेने १९७८ साली खास या कामासाठी एक समिती नेमली. तिच्या मानकात राईड माणसाला किती आणि कुठल्या दिशेला फेकते, हे मोजून बंधनांचे पाच वर्ग केलेले आहेत. पहिल्या वर्गाला काहीच लागत नाही, नुसतं बसा. दुसऱ्यात दोघांत एक साधा दांडा चालतो. असं करत करत पाचव्यात गेलं, की प्रत्येकाला स्वतंत्र बार, तो आपोआप लॉक होणारा, लॉक एकाला दुसरं राखीव, उघडणं फक्त ऑपरेटरच्या हाती, आणि एकही बार उघडा असेल तर राईड सुरूच होणार नाही. मी हे पाच वर्ग समजून घेतले आणि स्वभावानुसार ते महाराष्ट्राला लावून पाहिले.

पहिला वर्ग सोपा, घरचा झोपाळा. दुसऱ्यात जत्रेतला आकाशपाळणा धरू. त्याला एक साखळी असते. पाळणेवाला ती अडकवतो आणि विचारतो, "बसले का नीट?" या प्रश्नाला नाही म्हटलेला माणूस आजवर पाहण्यात नाही. साखळीला हसायचं कारण नाही. पाळणा सावकाश फिरतो, माणसाला सीटवरून उडवण्याइतका जोर त्यात नसतो, तेव्हा साखळीचं काम फक्त माणसाला उभं राहू न देणं. आणि ते काम अवघड आहे, कारण पाळणा वर पोहोचला की खालच्या गर्दीतल्या नातेवाइकांना हात करावासा वाटतो, आणि बसून केलेला हात आपल्याला हात वाटतच नाही.

तिसऱ्या-चौथ्या वर्गात वडापची जीप यायला हवी. तिच्यात बार नसतो, पण माणसाने माणसाला असं पाचरीसारखं बसवलेलं असतं की गाडी उलटी केली तरी एकही सुटा पडू नये. आणि पाचव्या वर्गाला पात्र असूनही पहिल्या वर्गात चालणारी महाराष्ट्रातली सर्वांत मोठी राईड म्हणजे एसटीची शेवटची सीट. रोलर कोस्टरवाल्यांमध्ये 'एअरटाइम' नावाची एक मौल्यवान गोष्ट आहे. टेकाडावरून उतरताना गाडी तुमच्यापेक्षा लवकर खाली जाते आणि क्षणभर तुम्ही सीटच्या वर तरंगता. तो क्षण जमवायला अभियंते खूप गणितं करतात. आपल्याकडे तो गतिरोधकावर फुकट मिळतो. मागची चाकं तुमच्या पुढे असतात आणि तुम्ही पार शेपटीला. चाकं गतिरोधक चढली की शेपूट उसळते, मग ती खाली जाते आणि तुम्ही तिथेच वर राहता, मांडीवरच्या पिशवीसकट. अनुभवी माणूस पेपरमधून मान वर न काढता डाव्या हाताने पुढचा दांडा पकडतो. नवखा छताची उंची मोजून येतो.

रोलर कोस्टरच्या धंद्याची सुरुवात मात्र फार सौम्य झाली. १८८४ साली लामार्कस थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पाच सेंटांत बसायची एक उतरती रेल्वे उभारली. वेग ताशी दहा किलोमीटर. माणसं बाकावर आडवी बसून समुद्र बघत जायची. एवढ्या वेगाला बांधायचं कुणाला आणि कशाला? पुढे वेग वाढला, टेकाडं उंच झाली आणि १८९५ मध्ये तिथेच एकाने लोकांना उलटं फिरवायचं ठरवलं. त्याने रूळ अगदी गोल वळवले. वर्तुळ दिसायला सुबक होतं, पण आत शिरतानाच असा हिसका बसायचा की माना दुखावून घ्यायला लोक तिकीट काढत आहेत, असा प्रकार झाला. आजचे फेरे उलट्या थेंबाच्या आकाराचे दिसतात ते त्यामुळे. वळण हळूहळू आवळत न्यायचं, हे रेल्वेच्या अभियंत्यांना आधीच माहीत होतं. मजेच्या रेल्वेत ते रूढ व्हायला १९७६ उजाडलं.

माझा खरा मानकरी मात्र जॉन मिलर. या माणसाने गाडीला रुळाखालूनही चाकं लावली. वरून चाक, बाजूने चाक, खालून चाक, मधे रूळ. १९१९ च्या या पेटंटनंतर गाडी रूळ सोडून उडेल ही भीती कागदावर तरी संपली. त्याआधी १९१० मध्ये त्याने आणखी एक गोष्ट केली होती. गाडी साखळीने चढावर ओढली जाताना साखळी तुटली तर ती मागे घरंगळू नये म्हणून खाली दातेरी पट्टी, आणि गाडीला एक खटका, जो दर दात्यावर पडत जातो. टक, टक, टक. बारीक अंतराने येणारा हा आवाज ऐकून गेली शंभर वर्षं लोकांना घाम फुटतो आहे. "वाजतंय काय ते? काहीतरी तुटतंय!" असं आमची आत्या पहिल्या डब्यातून ओरडली होती. अख्ख्या राईडमध्ये तिची काळजी वाहणारा आवाज तो एकच होता, आणि तिने नेमकं त्यालाच नाव ठेवलं. पुढे खाली झेपावताना तो टकटकाट नव्हता, तेव्हा ती निर्धास्त होती.

आत्याला कमी लेखू नये. रांगेत उभी असताना तिने एकच प्रश्न विचारला होता आणि तो खरा अभियंत्याचा होता, "अहो, पण लाईट गेली तर?" महाराष्ट्रात वाढलेल्या कुठल्याही माणसाला हाच प्रश्न पडेल. उत्तर मोठं सुंदर आहे. या गाड्यांचे ब्रेक वीज आली की लागतात, असं नसतं. ते मुळात लागलेलेच असतात. गाडीला जाऊ द्यायचं असेल तर हवेच्या दाबाने त्यांना उघडं धरावं लागतं. लाईट गेली, दाब गेला, की ब्रेक आपोआप मिटतो. बारचंही तसंच. बंद राहायला त्याला काही लागत नाही, उघडायला लागतं. मार्गाचे तुकडे पाडलेले असतात आणि एका तुकड्यात एकच गाडी, हा रेल्वेचा नियम इथेही. त्यामुळे लाईट गेल्यावर फार तर तुम्ही चढावर अर्ध्यात बसून राहाल, मग माणसं जिन्याने वर येऊन एकेकाचा बार हाताने सोडवतील. ऑपरेटर पोराने हे आत्याला समजावून सांगितलं. आत्या म्हणाली, "म्हणजे लाईट जाते."

इथवर मामांना आपण पार्काच्या कुंपणाच्या आतच पाहिलं. कुंपणाबाहेरचं दृश्य पाहण्यासाठी खोपोलीला जावं. तिथे २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिकात 'नायट्रो' नावाचा रोलर कोस्टर आहे. बोलिगर अँड माबियार या स्विस कंपनीने बनवलेला, सुमारे १३० फूट उंच, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात. निघण्याआधी पायाखालची जमीनच सरकवून घेतात आणि पाय लोंबकळत राहतात. खांद्यांवरून बार येतो, शिवाय तो बार सीटला बांधणारा एक पट्टा. जवळूनच मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. त्यावर मोटारींची वेगमर्यादा ताशी शंभर किलोमीटर. म्हणजे वेग तोच. पण नायट्रोवर समोरून कंटेनर येत नाही, कुणी लेन तोडत नाही, ड्रायव्हरला फोन येत नाही, आणि रूळ तिन्ही बाजूंनी चाकांच्या पकडीत असतो. तरी तिथे मामा पोराला हाक मारून म्हणतात, "अरे, माझं लॉक पुन्हा एकदा बघ. नाही, नाही, हलवून बघ." आणि त्या पार्कापर्यंत ते आले कसे? मागच्या सीटवर पट्टा न लावता, मधे तंगड्या पसरून, मोसंबी सोलत.

मागे बसणाऱ्याने पट्टा लावणं कायद्याने सक्तीचं आहे, न लावल्यास हजार रुपये दंड. मामांचा युक्तिवाद असा की मागे पट्टा लावला तर पुढच्याशी बोलता येत नाही. पुढे बसले की आणखी अडचण, कारण गाडी टुणटुण वाजते. त्यासाठी त्यांनी एक चकती आणली. पट्ट्याच्या खाचेत नुसती चकती खोचायची, गाडीला वाटतं पट्टा लागला, ती गप्प बसते. असा विचार करणारे मामा देशात एकटे नाहीत. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने या चकत्या विकणाऱ्या पाच ऑनलाइन दुकानांना आदेश दिला, तेव्हा तिथून १३,११८ जाहिराती उतरवाव्या लागल्या. काही विक्रेते तर ही चकती बाटली उघडायचं ओपनर किंवा सिगारेट लायटर म्हणून विकत होते. आपल्या गाडीला फसवायला तेरा हजार प्रकारची दुकानदारी आणि वर त्यात बाटलीची सोय. याला मी उद्योजकता म्हणेन, पण ती कुठल्या बाजूची, हे सांगणार नाही.

यंत्राला फसवण्याची ही खोड फक्त आपली आहे असंही नाही. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत ऑरलँडोला, उंच मनोऱ्यावरून खाली सोडणाऱ्या एका राईडवरून चौदा वर्षांचा मुलगा पडला आणि गेला. मुलगा अंगाने मोठा होता. चौकशीत निघालं की त्याच्या सीटचा सेन्सर हाताने सरकवलेला होता. त्यामुळे खांद्यावरचा बार नेहमीपेक्षा कितीतरी उघडा असूनही यंत्राला तो बंदच दिसला आणि त्याने जायला परवानगी दिली. त्या सीटला वेगळा पट्टाही नव्हता. तिथे 'नाही' म्हणणारं एकच कुणीतरी होतं आणि त्याचं तोंड आधीच बंद केलेलं होतं. यावर विनोद करायची माझी इच्छा नाही. आपल्याकडेही गो-कार्टच्या चाकात केस अडकून जीव गेलेले आहेत. पार्कातला पोरगा "ताई, ओढणी काढून ठेवा, केस बांधा" म्हणतो तेव्हा तो संस्कृतिरक्षक नसतो.

लहान मुलांचं तर आपण दुचाकीवर काय करतो हे सगळ्यांना माहीत आहे. पुढे एक उभं, मधे एक झोपलेलं, बंधन म्हणून बाबांचे दोन गुडघे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने नियम काढला. चार वर्षांच्या आतल्या मुलाला चालवणाऱ्याशी पट्ट्याने बांधा, नऊ महिन्यांपुढचं असेल तर डोक्यावर हेल्मेट घाला आणि वेग ताशी चाळीसच्या आत ठेवा. मी हे आमच्या सोसायटीत वाचून दाखवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "पट्ट्याने बांधायचं? लोक काय म्हणतील, पोर काय पळून जाणार आहे?" याच वहिनींनी पार्कात टॉय ट्रेनला पट्टा नाही म्हणून मॅनेजरला बोलावून घेतलं होतं. ती ट्रेन मी चालत मागे टाकली असती.

या साऱ्यात मला आवडतो तो प्लॅटफॉर्मवरचा ऑपरेटर. विशी-बाविशीचा, बहुधा जवळच्याच गावातला. दिवसभर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक बार आधी खाली दाबतो, मग वर ओढून बघतो. त्याच्यामागून दुसरा येऊन तेच करतो. मग दोघे अंगठे दाखवतात, आणि बऱ्याच मोठ्या राईडवर दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय गाडी हलत नाही. सकाळी दार उघडायच्या आधी गाडी रिकामी फिरवून आणलेली असते, कधी माणसांच्या जागी पाणी भरलेले बाहुले बसवून. हे बाहुले प्रवासी म्हणून आदर्श. श्वास ओढत नाहीत, उभे राहत नाहीत आणि ओळख सांगत नाहीत. एकदा आमच्या आधीच्या फेरीत एक पुढारी आले होते, मागे चार कार्यकर्ते. साहेबांचा बार शेवटच्या खटक्यापर्यंत येईना. एक कार्यकर्ता म्हणाला, "साहेब कोण आहेत माहितीये का?" पोरगा अदबीने म्हणाला, "माहितीये. पण कॉम्प्युटर सोडत नाही." सरकारी कचेरीत हे वाक्य आपण आयुष्यभर ऐकतो. ते खरं असताना मी पहिल्यांदाच ऐकलं. साहेब उतरले. कार्यकर्त्यांना उतरावंसं वाटत नव्हतं, तरी उतरले.

आमची पाळी आली. पोराने सांगितलं, सैल असेल ते सगळं ट्रेमध्ये ठेवा. शंभरच्या वेगात खिशातून सुटलेला मोबाईल ज्याच्या कपाळावर बसेल त्याला तो कुणाचा हे विचारायची शुद्ध राहत नाही, म्हणून हा नियम. चपला निघाल्या, चष्मे निघाले, किल्ल्या, चिल्लर, कंगवा, आत्याच्या पर्समधून खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. मामांनी थोडा विचार केला आणि तोंडात बोटं घालून पुढच्या चार दातांची कवळी काढून ट्रेमध्ये ठेवली. पोराने तिच्याकडे पाहिलं. असं काही त्याच्या प्रशिक्षणात नसावं. त्याने खिशातला टिश्यू काढला, कवळी त्यात गुंडाळली आणि ट्रेच्या कोपऱ्यात, चष्म्यांपासून दूर ठेवली. मग मामांचा बार खाली दाबला. मामांनी खुणेने पुन्हा दाबायला लावला. पट्टा ओढून दाखवायला लावला. मग स्वतः ओढून पाहिला.

दोन मिनिटांनी गाडी परत आली तेव्हा मामांचे केस जागेवर नव्हते आणि दोन्ही हात बारला असे चिकटले होते की पोराला एकेक बोट सोडवावं लागलं. उतरल्या उतरल्या ते तावातावाने काहीतरी बोलले. कुणालाच कळलं नाही. पोराने ट्रे पुढे केला, मामांनी कवळी बसवली, जीभ फिरवून खात्री केली आणि पुन्हा म्हणाले, "पट्टा उगाच एवढा घट्ट बांधतात हे लोक."